पान्यानं निघेल तेवढं

टेम्पो ओढून न्यायला माणसं आली तेव्हा त्याच्यात अकरा घरांची दळणं होती, आणि गिरणवालीला पहिली काळजी लागली ती त्या अकरा घरांची. स्वतःच्या घराचा नंबर बारावा. स्वभावाला औषध नसतं असं तिची सासू म्हणायची, आणि ती हे कौतुकानं म्हणायची असं समजायचं काही कारण नाही.

टेम्पोवर गिरणी ही कल्पना तिचीच. तिच्या वडिलांची दगडी गिरणी होती. वडील गेले, भावाला पिठात हात घालायचे नव्हते, म्हणून गिरणी हिच्या वाट्याला आली. नवऱ्याला गाडी चालवता येत होती, हिला दळता येत होतं. दोघांनी हप्त्यावर टेम्पो घेतला, हौद्यात गिरणी आणि डिझेलचं इंजिन बसवलं आणि वाराप्रमाणे सात गावं बांधून घेतली. बायकांचं डोक्यावर पाटी घेऊन कोस-दोन कोस चालणं वाचलं. बाईच्या नावावर कर्ज काढलं तर व्याज थोडं कमी पडतं, म्हणून कागद तिच्या नावावर झाले. चार वर्षं टेम्पोही चालला आणि हप्तेही.

यंदा ऐन कापणीत आठ दिवस पाऊस कोसळला. उभ्या कणसांना मोड आले, घरात आलं ते काळं पडलं. लोक दुकानातून तयार पिठाच्या पिशव्या आणू लागले. दळणच नाही तर गिरणीवाल्यांनी दळायचं काय, वारा? तीन हप्ते थकले, आणि चौथ्याची तारीख यायच्या आत माणसं आली.

मंगळवारचं गाव होतं. शाळेच्या भिंतीच्या सावलीत गिरणी घरघरत होती, पाच-सहा बायका पाट्या टेकवून बसल्या होत्या. मोटारसायकलवरून दोघं उतरले. एकाच्या काखेत फाइल होती, तो वसुलीवाला. दुसरा काहीच बोलला नाही. त्याला टेम्पो चालवत न्यायला आणलं होतं.

"ताई, गाडी तुमच्याच नावावर ना?" वसुलीवाल्यानं विचारलं.

"हो."

"गाडी जमा करायची आहे. चालू आहे तेवढं दळण होऊ द्या. आम्हाला काही घाई नाही."

तो शाळेच्या पायरीवर जाऊन बसला. आरडाओरडा केला असता तर तिलाही ओरडता आलं असतं. या माणसानं तेवढीही सोय ठेवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दळण मुद्दाम हळू घेतलं, नरसाळ्याखालची फट बोटभर होती ती दाण्याएवढी केली. तरी पाटीतलं धान्य ते किती असणार? संपलं. बायका एकमेकींकडे न बघता उठल्या. एक म्हणाली, "माझं राहू दे बाई आज, मला घरी काम आहे." सकाळपासून तिला काम आठवलं नव्हतं.

नवरा टेम्पोच्या दाराशी किल्ली मुठीत धरून उभा होता. 

"दादा, किल्ली द्या," वसुलीवाला म्हणाला. "तुम्हाला हात लावायची मला परवानगी नाही. मला हात लावायची तुम्हालाही नाही. मग कशाला दोघांनी तसंच उभं राहायचं?"

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं किल्ली दिली.

"दळणं उतरवून घ्या," वसुलीवाला म्हणाला. "गाडीत ठेवलेलं सामान आमचं नाही. आमची फक्त गाडी."

"आणि गिरणी?"

तो वाकला, हौद्याखाली बघितलं, गिरणीच्या लोखंडी पायाला बोट लावलं. "ही ठेवलेली नाही, ताई. ही जोडलेली आहे. वेल्डिंग आहे याला."

वेल्डिंग तिनंच करून घेतलं होतं. पहिल्या वर्षी गिरणी नट-बोल्टवर होती. खडीच्या रस्त्यानं बोल्ट ढिले व्हायचे, गिरणी तसूभर सरकायची आणि दगडावर दगड घासून पिठात कच यायची. एका बाईनं पीठ परत आणून तिच्या पुढ्यात ओतलं होतं. "माझ्या म्हाताऱ्याचा दात पडला," म्हणाली. गिरणवालीला ते इतकं लागलं की दुसऱ्याच दिवशी वेल्डरकडे गाडी उभी केली. वेल्डर म्हणाला होता, वहिनी, बोल्टच बरे, उद्या काढायची म्हटलं तर? ती म्हणाली, मला काढायचीच नाही. पक्कं करून टाक. वेल्डरनं पक्कं केलं. तेव्हापासून पिठात खडा सापडला नाही आणि आता गिरणी गाडीची झाली. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही मापात बसवून.

वसुलीवाल्यानं कागद पुढे केला. तिनं तो उभ्यानं, खालपर्यंत वाचला.

"यात लिहिलंय, गाडी स्वखुशीनं जमा केली. खुशी कुणाची?"

"तसं छापलेलंच असतं, ताई."

तिनं पेन घेतलं, खाली लिहिलं, 'खुशीनं नाही', आणि मग सही केली. वसुलीवाल्यानं ते वाचून कागदाची घडी घातली. "चालतं," म्हणाला.

टेम्पो गेला. अकरा घरांची दळणं दोघांनी डोक्यावरून ज्याच्या त्याच्या दारात पोचवली. काहींचं दळून झालं होतं, काहींचं तसंच धान्य. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आता पुढच्या मंगळवारी?" नवरा म्हणाला, "बघू." तिथून घरापर्यंत तो काही बोलला नाही, आणि घरापर्यंत अडीच तासांची वाट होती.

तिसऱ्या दिवशी ती फायनान्स कंपनीच्या ऑफिसात गेली. नवरा सोबत होता, पण तिच्या मागे अर्धं पाऊल ठेवून. अंगावर धुतलेले कपडे, पिशवीत सगळे कागद. रात्रभर तिनं कराराची पानं वाचली होती. बारीक अक्षर, त्यात तिचा चष्मा वडिलांचा. पण तिला पाहिजे ते सापडलं होतं.

मॅनेजर तिच्याहून लहान होता. टेबलावर त्याच्या दोन दात पडलेल्या मुलीचा फोटो होता.

"साहेब, गाडी ओढायच्या आधी नोटीस द्यावी लागते," ती म्हणाली. आवाज थोडा चढलाच. "करारात आहे. बाकी भरायला मुदत द्यावी लागते. पान नऊ. मला नोटीस मिळालेली नाही. म्हणजे तुम्ही गाडी ओढली ती बेकायदा ओढली. गाडी परत द्या, मग बोलू."

बाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. बघू देत, तिला वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या ऑफिसात तिचा आवाज ऐकू येत होता आणि तो तिला आवडत होता.

मॅनेजर चिडला नाही. त्यानं फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि एक पावती तिच्यासमोर फिरवून ठेवली. रजिस्टर पोस्टाची पोच. महिन्यापूर्वीची तारीख. खाली सही.

ती सही तिला ओळखू येत होती. पहिलं अक्षर मोठं, बाकीची घाईत. लग्नाच्या कागदावर तिच्या नावाशेजारी तीच होती.

"तुमच्या घरच्यांनीच घेतलीय," मॅनेजर हळू म्हणाला. त्यालाही ते बोलायला बरं वाटत नव्हतं असं दिसलं.

तिनं मागे वळून बघितलं नाही. मागे नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता. तिनं कागद एकेक करून पिशवीत भरले. लाज वाटली. ऑफिसाची नाही, मघाशी चढवलेल्या आवाजाची.

"बुधवारी लिलाव आहे," मॅनेजर म्हणाला. "त्याच्या आधी सगळी बाकी भरलीत तर गाडी घेऊन जा, तो तुमचा हक्क आहे. नाहीतर गाडीतलं सामान सोमवारी यार्डातून घेऊन जा."

"गिरणी माझ्या वडिलांची आहे, साहेब. तिच्यावर तुमचा पैसा नाही."

"बिल आहे?"

"चाळीस वर्षांपूर्वीचं बिल कोण ठेवतं?"

मॅनेजरनं कपाळ चोळलं. "हे बघा, गॅस कटर यार्डात लावू देणार नाही. चासीला धक्का लागला तर माझी नोकरी जाईल. पण पान्यानं निघेल तेवढं सगळं तुमचं. इंजिन, पट्टा, दगड, काय निघेल ते. मी बघणार नाही. जे निघणार नाही ते गाडीचं."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला काही विचारलं नाही. त्याच्याकडून कळल्यावर सासूनं विचारलं.

"नोटीस घेतलीस तर सांगितली का नाहीस?"

"भरून टाकेन म्हटलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दोन फेऱ्या वाळूच्या मिळणार होत्या. मग सांगायची गरजच पडली नसती."

"मिळाल्या?"

"नाही."

"मग तोंडाला कुलूप लावून काय मिळवलंस?"

गिरणवाली चुलीपुढे बसून पीठ मळत होती, आणि तिला राग येत होता तो त्यानं लपवल्याचा नव्हे, तर त्याला तिच्यापासून लपवावंसं वाटलं याचा. आपण एवढ्या कडक आहोत का? असू. पण कडक नसते तर सात गावं कुणी बांधली असती? ती मळत राहिली, आणि पीठ नको तेवढं घट्ट झालं.

सोमवारी यार्डात दोघं पाने घेऊन गेले. यार्ड म्हणजे तारेच्या कुंपणात उभी केलेली ओढून आणलेल्या गाड्यांची रांग. कुणाच्या काचेवर मुलांच्या शाळेचं नाव, कुणाच्या मागे 'पुन्हा भेटू'. त्यांचा टेम्पो शेवटून दुसरा. हौद्यात पीठ पडलं होतं त्यावर दव पडून खपली धरली होती.

नवरा अंगातला शर्ट काढून गाडीखाली शिरला. असा कामाला लागला की जणू सगळं पान्यानंच भरून निघणार होतं. इंजिनाचे चार बोल्ट, दोन गंजलेले. पाना निसटला, बोटाची साल निघाली, त्यानं बोट तोंडात घातलं आणि पुन्हा पाना लावला. ती वर गिरणीपाशी. तिनं नरसाळं उतरवलं, पट्टा काढला, झाकण उघडलं. आत दोन दगड, उभे, एकमेकांना टेकलेले. वडील म्हणायचे, माणसं काय आणि दगड काय, दोघांत कागदभर अंतर पाहिजे. चिकटले की जळतात, लांबले की भरडतात. वडिलांना म्हणायला काय जात होतं, ते विधुर होते.

दुपारपर्यंत इंजिनाचे तीन बोल्ट निघाले. तेवढ्यात मॅनेजर चहाचा ग्लास हातात घेऊन आला.

"हे मी सांगायला नको," म्हणाला. "पण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. लिलावात जे येईल ते तुमच्या बाकीत वळतं होतं. बाकीपेक्षा जास्त आलं तर वरचं तुम्हाला परत मिळतं. कमी आलं, तर जे कमी पडेल ते तुमच्याच नावावर राहतं. गाडी गेली तरी कर्ज जात नाही."

"म्हणजे?" नवरा गाडीखालून बाहेर आला.

"म्हणजे नुसता चार वर्षांचा टेम्पो काय जाईल? त्याच्यात वेल्डिंग केलेला सांगाडा, कुणाच्या कामाचा नाही. भंगाराच्या भावात जाईल. उरलेल्यासाठी मग वसुलीवाला घरी येणार. आणि चालू गिरणीसकट गेला तर..." त्यानं चहा संपवला. "तुम्ही ठरवा. जेवढं काढाल तेवढी गाडी स्वस्त होईल, एवढंच."

तो गेला. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीवर उभं राहून कुणी तरी प्रेमानं खोली सांगून गेलं.

नवऱ्यानं हात पुसले. "माझं ऐक," म्हणाला. "इंजिन राहू दे. दगड तरी घेऊन जाऊ. तुझ्या वडिलांचे आहेत."

"दगड नेऊन काय करू? उशाला घेऊ?"

"तसं नाही गं..."

"दगडाशिवाय ही गिरणी नाही. आणि गिरणीशिवाय ते दगड नाहीत, नुसते धोंडे आहेत." ती खाली उतरली आणि टेम्पोच्या चाकाला टेकून बसली. पाठ अवघडली होती. मग ती म्हणाली, "बोल्ट आवळा परत."

"नीट विचार केलास का?"

"आवळा म्हणते ना."

त्यानं तीनही बोल्ट आवळले. काढताना जेवढा जोर लावला होता त्याहून जास्त लावला. तिनं दगड पान्यानं सुटे केले, पण न्यायला नव्हे. हौद्यातच एकेक आडवा पाडला, पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि टाकी लावायला बसली. दळून दळून दगडाच्या खाचा झिजतात. छिन्नीनं त्या पुन्हा पाडल्या की दगडाला दात येतात, त्यालाच टाकी लावणं म्हणतात. हे काम तिला वडिलांनी शिकवलं होतं, भावाला नाही, कारण भावाचा हात जड होता. दगडाची कपची उडून गालाला लागत होती. डोळे तिनं बारीक केले होते, आणि त्यातून पाणी येत होतं ते कचेनं असेल असं नवरा धरून चालला. ते कचेनं नव्हतं. विकायच्या जनावराला धुवून पुसून, पोटभर खायला घालून बाजारात न्यायचं, तसं ती करत होती, आणि तिला ते कळत होतं. तरी एकही खाच तिनं उथळ पाडली नाही. संध्याकाळी तिनं दगड, पट्टा, नरसाळं, सगळं परत जागच्या जागी बसवलं.

बुधवारी सकाळी घरातलं होतं तेवढं चांगलं धान्य, दीड पायली, ती बरोबर घेऊन गेली. सासूनं ते देताना एकदाच विचारलं, "विकायच्या गिरणीवर आपलंच दळण?" आणि मग स्वतःच पिशवीचं तोंड बांधून दिलं.

लिलावाला दहा-बारा माणसं होती. टायरांना लाथा मारत, बॉनेट उघडत, एकमेकांना चुकवून भाव पुटपुटत फिरत होती. तिच्या टेम्पोपाशी दोन भंगारवाले रेंगाळले. एकानं गिरणीच्या पायाला लाथ मारली. "हे कापायचाच खर्च," म्हणाला.

नवऱ्यानं इंजिनाला हँडल मारलं. पट्टा फिरला, गिरणी घुमली. तिनं पदर खोचला, नरसाळ्यात धान्य ओतलं, फट जुळवली, आणि तोटीखाली हात धरला. पीठ गरम होतं, पण जळकं नव्हतं. इतकं बारीक की मुठीत दाबलं तर बोटांचे ठसे उमटावेत. भंगारवाले गप्प झाले. बाकीची माणसंही जमली. एरवी तिच्याभोवती बायका जमायच्या.

गर्दीत एक जाड माणूस होता, ढेप-पेंड विकणारा. त्यानं चिमूटभर पीठ घेतलं, अंगठ्यावर चोळलं.

"जनावरांना एवढं बारीक लागत नाही," म्हणाला.

"जनावरांना?" तिनं विचारलं.

"मका भरडायचा आहे. गोठ्यागोठ्यावर नेऊन. जाड निघेल ना?"

"निघेल," ती म्हणाली. "पाहिजे तसं निघेल."

बोली सुरू झाली. भंगारवाले लवकर थांबले. पेंडवाला आणि आणखी एक पिठाच्या दुकानाचा मालक, दोघंच उरले आणि चढत गेले. तिनं आकडे ऐकले नाहीत. तिला इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. नवऱ्यानं ते बंद केलंच नव्हतं, रिकामी गिरणी फिरवत ठेवली होती. रिकामे दगड एकमेकांवर घासतात हे त्यालाही माहीत होतं. तिनं हात वर केला तेव्हा त्यानं बंद केलं. तोपर्यंत टेम्पो पेंडवाल्याचा झाला होता.

मॅनेजर तिच्याकडे आला. "बाकी फिटली," म्हणाला. "सगळी. थोडं तुम्हाला परतही येईल. असं फार कमी वेळा होतं, ताई." त्याला खरंच आनंद झाला होता. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची तिला तिथेच शरम वाटली.

पेंडवाला गिरणीत वाकून बघत होता. "ही टाकी कुणी लावली?"

"मी."

"दर पंधरा दिवसांनी लावावी लागते म्हणे."

"दळण कसं आहे त्यावर. मक्याला लवकर लागेल."

"मग तू येशील? टाकी लावायची, गिरणीवर उभं राहायचं. रोजानं देईन. मला यातलं काही कळत नाही, खोटं कशाला बोलू?"

तिनं तोटीला लागलेलं पीठ बोटानं पुसलं. मग म्हणाली, "येईन."

"सोमवारपासून ये. गाडी माझा मेव्हणा चालवेल."

मेव्हणा बाजूलाच उभा होता, टेम्पोची किल्ली बोटात फिरवत. तरणा, पायात पांढरे बूट. तो टेम्पोकडे वळला आणि थांबला. ड्रायव्हरच्या सीटवर नवरा बसला होता. इंजिन बंद करून तो उतरला, कपडे झटकले, आणि सवयीनं दार उघडून जाऊन बसला असावा. किंवा बायको कामाला लागली म्हणजे आपणही लागलो असं त्याला वाटलं असावं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर फाटकाकडे. किल्ली कुणी आणून देईल याची वाट बघत असल्यासारखा.

मेव्हण्यानं पेंडवाल्याकडे बघितलं. पेंडवाल्यानं मॅनेजरकडे. आणि मग तिघांनी तिच्याकडे. त्याला सांगायचं धाडस कुणाला होईना.

ती दारापाशी गेली. नोटिशीचं ती इतक्या दिवसांत एक अक्षर बोलली नव्हती. आता बोलली असती तर सगळं बोलून झालं असतं. तिनं दाराच्या कडेवर हात ठेवला.

"अहो, उतरा."

त्यानं मान वळवली नाही. "दुसरा गिअर अडकतो," म्हणाला. "क्लच तळाला नेऊन थोडं थांबावं लागतं. त्याला माहीत नाही."

"मग सांगा ना त्याला. पण खाली उतरून सांगा."

तो उतरला. मेव्हण्याला त्यानं सगळं नीट सांगितलं, हवेत गिअर टाकून दाखवला, दोनदा. मेव्हण्यानं हो-हो म्हटलं आणि दार लावून घेतलं. टेम्पो रांगेतून बाहेर पडला, फाटकाकडे वळला. गिरणवाली हाताला लागलेलं पीठ पदराला पुसत बघत उभी होती. फाटकाशी चढ होता. तिथं दुसरा गिअर टाकताना दात दातावर करकरले, सगळ्या यार्डात ऐकू गेलं, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचा डावा, क्लचवरचा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला. टेम्पो चढून दिसेनासा झाला तरी त्यानं पाय उचलला नव्हता.